प्रौढ वर्गात ‘मला किती येतं?’ हा प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मोठ्या माणसांना शिकवणारे अनेक जण आहेत. कुणी साक्षरता वर्गाचे स्वयंसेवक, कुणी बचत गटांना गावात मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताई, कुणी शेतीशाळा घेणारे कृषी सहाय्यक, तर कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसलेल्यांची संध्याकाळी शिकवणी घेणारे. शिकणाऱ्याने स्वतःच्या शिकण्याची स्वतः पारख करणं, म्हणजे मेटाकॉग्निशन, याबद्दल प्रशिक्षणात या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काही लांबली आहेत. जिथे वर्ग खरोखर अडतो तिथे ती लांबली आहेत.

मेटाकॉग्निशन म्हणजे नेमकं काय?

मी काय शिकतोय, कितपत शिकलोय, कुठे अडलोय आणि आता काय करायला हवं, याकडे शिकणाऱ्याने स्वतः लक्ष ठेवणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९७९ च्या त्यांच्या लेखानंतर ती शिक्षणक्षेत्रात पसरली. पुढे १९९० मध्ये थॉमस नेल्सन आणि लुई नॅरेन्स यांनी यातली दोन कामं वेगळी करून दाखवली : एक पारख, दुसरं नियंत्रण. वाचताना ‘ही ओळ काही कळली नाही’ हे ध्यानात येणं म्हणजे पारख. मग थांबून ती ओळ पुन्हा वाचणं, मोठ्याने वाचणं किंवा शेजारच्याला विचारणं म्हणजे नियंत्रण.

प्रौढ वर्गात दोन्हीकडे अडतं. काहींना आपण अडलोय हेच कळत नाही. काहींना ते नीट कळतं, पण सांगायची लाज वाटते.

म्हणजे मोठ्या माणसांना हे येत नाही, असं म्हणायचं आहे का?

मुळीच नाही. आपापल्या कामात ही माणसं हे रोज करतात, आणि आपल्यापेक्षा चांगलं करतात.

कापसाचंच बघा. गुलाबी बोंडअळी आत असली तरी हिरवं बोंड वरून धडधाकट दिसतं. म्हणून जाणता शेतकरी शेतात आडवातिडवा फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं तोडतो आणि फोडून बघतो. त्यांत दोन किडकी निघाली की नुकसान दहा टक्क्यांवर गेलं, आता फवारणी टाळून चालणार नाही, हे त्याला कळतं. पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले तरी तो सावध होतो. ‘पीक चांगलं दिसतंय’ या स्वतःच्याच मतावर तो विश्वास टाकत नाही, ते तपासून घेतो. रावेर-यावलकडचा केळीवालाही मागच्या कांदेबागेत (पावसाळ्यानंतरच्या लागवडीत) थंडीमुळे निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबली होती, हे आठवून यंदाची लागवड पुढेमागे करतो. आधी ठरवणं, मधे बघत राहणं आणि शेवटी हिशेब मांडून पुढच्या खेपेला बदल करणं, हेच तर आपल्याला वर्गात हवं आहे.

पण हाच माणूस पाटीसमोर बसला की गप्प होतो. बरोबर-चूक ठरवायचं काम तो शिक्षकावर सोपवून मोकळा होतो. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनीही हे टिपलं होतं : बाहेर स्वतंत्रपणे जगणारी मोठी माणसं वर्गात शिरली की लहानपणीच्या शाळेतल्यासारखी परावलंबी होतात. शेतात, बाजारात आणि घरात चालणारी त्यांची पारख वर्गातही चालू राहील अशी जागा करून देणं, एवढंच आपलं काम आहे.

आधी अक्षरओळख तर होऊ द्या. हे नंतरचं नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची घाई समजण्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती आणि नंदुरबारची सुमारे ६४ टक्के. त्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर काम अजून मोठं आहे.

तरीही हे नंतरवर टाकू नका. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता मिशन, २००९ ची साक्षर भारत योजना आणि २०२२ पासूनचा उल्लास हा साक्षरता कार्यक्रम, अशा मोहिमा येत राहिल्या. सही शिकलेली बाई वर्ग बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा अंगठ्यावर येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिला अक्षरं शिकवली, पण विसरायला लागलं की ते ओळखायचं कसं आणि मग काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. वर्ग संपल्यावर तिच्यासोबत शिक्षक नसतो. राहते ती तिची स्वतःची पारख. ‘ळ’ अजून पक्का झाला नाही, एसटीच्या पाट्या वाचताना तो बघत जाईन, एवढं जरी तिच्या मनात राहिलं तरी पुढचं शिकणं चालू राहतं.

वेळ कुठून आणायचा? वर्गच जेमतेम तासाभराचा असतो.

वेगळा तास नको, वेगळा धडाही नको. चालू धड्यातच तीन ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबायचं : सुरू करण्याआधी, मधे आणि शेवटी. बचत गटातल्या व्याजाचा धडा घेऊन बघू.

गटातून ५,००० रुपये उचलले. व्याज शेकडा २ रुपये महिना. दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडायची, म्हणजे दहा हप्ते. एकूण व्याज किती होईल?

आकडेमोड करण्याआधी प्रत्येकीने आपला अंदाज सांगायचा. बहुतेक जणी १,००० म्हणतील : महिन्याला १००, दहा महिन्यांचे हजार. कुणाचाही अंदाज खोडू नका, फळ्यावर लिहून ठेवा. मग महिन्या-महिन्याने मांडा. पहिल्या महिन्यात ५,००० वर १००. दुसऱ्या महिन्यात मुद्दल राहिली ४,५००, म्हणून ९०. मग ८०, ७० असं करत शेवटच्या महिन्यात १०. बेरीज ५५०.

बरेच शिक्षक इथे ‘बरोबर उत्तर ५५०’ म्हणून पुढे जातात. तसं करू नका. फळ्यावरच्या हजाराकडे बोट दाखवून विचारा, “हा अंदाज कुठे चुकला?” जरा वेळ जाईल. मग कुणीतरी म्हणेल, “मुद्दल कमी होत जाते, ते धरलंच नाही.” पुढचा प्रश्न : “मग पुढच्या वेळी कर्ज घेताना आधी काय विचाराल?” इथून वर्ग गणिताच्या पलीकडे जातो. दारावर येणारा सावकार किंवा फायनान्सवाला ‘शेकडा दोन’च म्हणतो, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५,००० वरच लावतो, तेव्हा त्याचे हजारच होतात. दर तोच, पैसे जवळजवळ दुप्पट. ‘व्याज उरलेल्या मुद्दलीवर की सगळ्या रकमेवर?’ हा प्रश्न त्या बाईने स्वतःच्या चुकीतून स्वतः शोधलेला असतो. आपण आयता सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी विसरली असती.

ज्यांना लिहिताच येत नाही, त्यांनी स्वतःच्या शिकण्याची नोंद कशी ठेवायची?

चिंचोके वापरा. आजचे पाच शब्द फळ्यावर लिहा. वाचण्याआधी प्रत्येकाने, आपल्याला जितके शब्द वाचता येतील असं वाटतं तितके चिंचोके पाटीखाली ठेवायचे. मग जोडीदारासमोर वाचायचे आणि किती बरोबर आले ते मोजायचं. चिंचोके चार आणि शब्द दोन, तर का? चिंचोके एक आणि शब्द चार, तरीही का?

चिंचोके पाटीखालीच ठेवायचे, म्हणजे ते इतरांना दिसत नाहीत. सासू-सून एकाच वर्गात असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. महिन्याभराने वर्गाचे गुण किती वाढले याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चिंचोके आणि शब्द यांतलं अंतर किती कमी झालं, ते बघा. ते कमी होत असेल तर पारख तयार होते आहे.

तोंडी नोंदही चालते. वर्ग संपताना दाराशी उभं राहून प्रत्येकाला एकच विचारायचं : आज कुठलं अक्षर हातात बसलं नाही? ते अक्षर तुम्ही तुमच्या वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा. आपण सांगितलेलं शिक्षकाने लक्षात ठेवलं, हे पाहिलं की माणसं खरं सांगायला लागतात.

“समजलं का?” विचारलं की सगळे “हो” म्हणतात. मग काय करायचं?

तो प्रश्न विचारणंच सोडा. “समजनं का जिजी?” याला “हा, समजनं” याशिवाय दुसरं उत्तरच नाही. नाही म्हणणं म्हणजे एक तर स्वतःला कमी लेखणं, नाही तर तुमच्या शिकवण्याला नावं ठेवणं, आणि आपल्याकडची जाणती बाई यातलं काहीही करणार नाही.

त्याहून खोल कारण असं की ती खोटं बोलत नसते. तुम्ही नुकतंच सांगितलं, सगळं डोळ्यांसमोर आहे, म्हणून तिला खरंच समजल्यासारखं वाटतं. नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये यावर एक प्रयोग केला. शब्दांची जोडी शिकल्या-शिकल्या ‘हे पुढे आठवेल का?’ असं विचारलं, तर लोकांचे अंदाज बरेच चुकतात. तोच प्रश्न थोड्या वेळाने विचारला तर अंदाज कितीतरी अचूक येतात, कारण मधल्या वेळात डोळ्यांसमोरचं पुसलेलं असतं आणि खरंच आठवतं की नाही ते माणसाला कळतं.

म्हणून शिकवलेल्या गोष्टीची पारख लगेच करू नका. मधे दुसरं काही घ्या, चहा होऊ द्या, मग विचारा. आणि विचारताना कृती मागा. “बँकेतली पैसे काढायची स्लिप शेजारच्या मावशींना भरायची आहे, त्यांना पहिलं काय सांगाल?” “या पासबुकात शेवटची जमा कुठे आहे, बोट ठेवा.” “कठे अडकनं?” (कुठे अडलं?) हा प्रश्नसुद्धा चालतो, कारण अडकणार हे त्यात गृहीतच धरलेलं आहे, आणि उत्तर देताना मान खाली घालावी लागत नाही.

अहिराणीत बोललं तर चालेल का? शेवटी शिकायचं तर प्रमाण मराठीच आहे.

वाचन-लेखन मराठीत होऊ द्या, पण विचार घरच्या बोलीत. अहिराणी असो, यावल-रावेरकडची लेवा गणबोली असो, धडगावकडची पावरी असो की नवापूरकडची मावची. आपल्याच डोक्यात काय चाललंय ते सांगणं आधीच अवघड असतं. ते परक्या भाषेत सांगायला लावलं तर माणूस दोन शब्दांत गुंडाळतो. स्वयंसेवकाला पावरी येत नसेल तर जोड्या करून आपसात बोलू द्या. सगळं तुम्हाला समजलंच पाहिजे असं नाही.

“आता वय झालं, डोकं चालत नाही” म्हणणाऱ्या नानांना काय सांगायचं?

खोटा धीर देऊ नका. वय वाढलं की नवीन गोष्ट टिपण्याचा वेग थोडा कमी होतो, हे खरंच आहे. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेलं ज्ञान दीर्घकाळ टिकतं, पुष्कळदा वाढतंही, आणि नवं शिकताना त्याचा आधार मिळतो. नाना शंभर क्विंटल कापसाचा हिशेब तोंडी करतात, तर त्यांना लेखी गुणाकार शिकवताना तिथूनच सुरू करा : “तोंडी करताना आधी काय करता?” ते जी रीत सांगतील ती कागदावर मांडा.

आणि आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसू लागतं आणि साध्या चष्म्याने ते सुटतं. कितीतरी माणसं वर्षानुवर्षं ‘मला वाचता येत नाही’ असं समजून बसलेली असतात, आणि खरी अडचण ‘मला अक्षर दिसत नाही’ एवढीच असते. नेमकी अडचण कुठे आहे ते ओळखायला शिकवणं हासुद्धा याच विषयाचा भाग आहे.

धडा पुन्हा पुन्हा वाचणं, अक्षरं वहीभर गिरवणं, यात काय वाईट?

हाताला वळण लागण्यापुरतं गिरवणं ठीक आहे. पण लक्षात ठेवण्यासाठी ही पद्धत फसवी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं : पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात ज्यांनी फक्त पुन्हा पुन्हा वाचलं होतं, त्यांचाच आत्मविश्वास सर्वांत जास्त निघाला.

शिकणाऱ्याला हे सांगून पटत नाही, करून बघितलं की पटतं. दहा शब्द घ्या. पाच नुसते पुन्हा वाचायला सांगा, पाच पाटी पालथी ठेवून आठवायला. पुढच्या आठवड्यात कुठले जास्त आठवले ते त्यांनाच मोजू द्या.

१७ नंबरवाल्यांचं काय? त्यांना पास व्हायचंय, हे सगळं नकोय.

त्यांना तर याची सगळ्यात जास्त गरज आहे. दिवसभर एमआयडीसीत काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याकडे वेळ मोजकाच असतो. सराव पेपर तपासून परत दिला की गुण बघून तो दप्तरात जातो, आणि तिथेच घात होतो. पेपरसोबत एक कोरा कागद द्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहून घ्या : अभ्यास कसा केला होता, गुण कशाने गेले (आलंच नाही, घाईत चुकलं, की प्रश्नच नीट वाचला नाही), आणि पुढच्या पेपरआधी काय बदलणार. हे कागद तुमच्याकडे ठेवा आणि पुढच्या पेपरच्या आठवडाभर आधी परत द्या. बीजगणितात कच्चे समजणारे पुष्कळ जण खरं तर उणे चिन्ह विसरणारे निघतात, आणि त्याला उपाय एका संध्याकाळचा आहे.

दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो. चार-पाच महिन्यांनी परत आले की पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नका. कोरी पाटी देऊन विचारा : काय काय आठवतं ते लिहा. हात आधी अडखळेल, मग बरंच परत येईल. विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्यांना स्वतः अनुभवू द्या. जे आलं नाही तेवढंच शिकवा.

जाण्याआधीही एक काम करता येतं. तिकडे गेल्यावर काय वाचायला मिळेल ते प्रत्येकाने ठरवायचं : मुकादमाच्या वहीतलं आपलं नाव, उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) आकडा, ट्रॅक्टरचा नंबर, किराणाची चिठ्ठी. आल्यावर त्याचंच विचारा. उचलीचा आकडा स्वतः वाचणाऱ्याचा हिशेब कसा होतो, हे त्याच्याकडूनच ऐका.

मोबाईलवरच्या व्हिडिओंनी हे होत नाही का?

व्हिडिओ बघताना सगळं सोपं वाटतं, आणि अडचण तीच आहे. मधे थांबवून “आता पुढे काय करतील?” असं विचारत दाखवला तर उपयोग होतो.

मोबाईलच्या बाबतीत मात्र एक धडा सगळ्यांनी घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, फक्त पाठवण्यासाठी लागतो. हे बहुतेकांना सांगितलेलं असतं आणि तरीही माणसं फसतात, कारण समोरचा घाई करतो. म्हणून नियमासोबत थांबण्याची सवय लावा. पिन टाकण्याआधी मोठ्याने म्हणायचं : पैसे जाताहेत की येताहेत? मला खात्री आहे, की हा माणूस सांगतोय म्हणून मी करतोय? वर्गात एकाने फसवणारा व्हायचं, दुसऱ्याने फोन धरायचा, असा खेळ दोन-चार वेळा घ्या.

हे सगळं उल्लासच्या चाचणीत मोजलं जातं का?

नाही. ती १५० गुणांची आहे : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. पण याच कार्यक्रमाच्या पाच घटकांत जीवनावश्यक कौशल्यं आणि निरंतर शिक्षणही आहेत, आणि त्यांची वाट इथूनच जाते. शिवाय परीक्षेतही फायदा होतोच. लिहून झाल्यावर उत्तर परत वाचून बघणारा कुठल्याही पेपरात दोन-चार गुण वाचवतो.

हे कधी करू नये?

पहिल्या काही दिवसांत जेव्हा माणूस पेन्सिल धरायलाच घाबरतो, तेव्हा त्याला ‘तू कसा विचार करतोस’ हे विचारू नका. एकाच वेळी अक्षर आणि स्वतःचं मन दोन्हीकडे बघणं त्याला झेपत नाही. आधी नाव लिहू द्या, तो आनंद होऊ द्या.

कुणाची अडचण सगळ्यांसमोर काढू नका. लहानपणी शाळेत पट्टी खाऊन घरी बसलेली माणसं या वर्गात आहेत, त्यांच्यासाठी ‘कुठे चुकलं?’ हा प्रश्न अजूनही शिक्षेसारखा असतो. त्यांच्यासोबत सुरुवात तुमच्यापासून करा. फळ्यावर बेरीज करताना मोठ्याने बोला : “सात आणि आठ पंधरा, हातचा एक... थांबा, हातचा धरला का मी? परत बघते.” शिक्षकालाही तपासावं लागतं, हे चार-सहा वेळा दिसलं की एखादे आप्पा मागच्या रांगेतून आपणहून म्हणतात, “माझाबी हातचा राह्यना.” तोपर्यंत त्यांना काही विचारायची गरज नाही.

आणि चिंचोके असोत की कोरा कागद, रोज रोज नको. आठवड्यातून दोनदा पुरे. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं थकून येतात. त्या काळात एकदाच करा, आणि एखाद्या दिवशी नुसतं वाचून दाखवा.